तात्यासाहेबांचा शिरा, किसनचं कोलेस्टेरॉल

कोलेस्टेरॉलला आता काही मान राहिलेला नाही. हल्ली ते रिक्षावाल्याला असतं, पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना असतं. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला तर चांगलं, वाईट आणि ट्रायग्लिसराइड अशी तिन्ही वेगवेगळी मोजून दिलेली आहेत. तो मला रिपोर्ट दाखवतो आणि म्हणतो, "ताई, ह्यातलं वाईटवालं जरा जास्त आलंय." मी म्हणते, "अरे बाबा, आमच्या वेळी चांगलं-वाईट काही नव्हतं. एकच असायचं, आणि तेसुद्धा फक्त मोठ्या लोकांना."

म्हणजे, तसं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं होतं.

मी सांगतेय तो काळ बाहत्तर-त्र्याहत्तरचा. श्रीरामपुरात, बेलापूरच्या रस्त्याला एक दवाखाना होता. डॉक्टर तरुण, पुण्याला शिकलेले, हुशार आणि थोडेसे भित्रे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझी लॅबोरेटरी. मी मूळची नगरची. पुण्याला तपासण्यांचा कोर्स करून आले होते. गावात मला नाव असं नव्हतंच. "रक्तवाल्या बाई" म्हणायचे. बाजारात भाजीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगायची, "त्यांना आदी घिऊ दे गं, त्या रक्तवाल्या हायेत." लोक चटकन बाजूला सरायचे. या धंद्यातून मला मिळालेला पहिला फायदा हाच.

काम कसं चालायचं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काचेच्या सिरिंजा आणि सुया स्टोव्हवर उकळायच्या. सुया बोथट झाल्या की दगडावर घासायच्या. रक्त काचेच्या नळीत घ्यायचं, नळीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून नाव लिहायचं, आणि नळी उभी ठेवून द्यायची. थोड्या वेळाने रक्त खाली गोठतं आणि वर पिवळसर, नितळ पाणी सुटतं. दही लावल्यावर वर निवळी येते ना, तसंच. त्या पाण्याला सीरम म्हणायचं. कोलेस्टेरॉल असतं ते त्यात. त्यात दोन जहाल औषधं घालायची. एकाचा वास नाकातून थेट मेंदूत जायचा आणि दुसरं पदरावर पडलं की पदराला भोक. नळी बर्फात ठेवायची, तो बर्फ मी समोरच्या सोडावॉटरवाल्याकडून आणायचे. मग हळूहळू हिरवा रंग चढायचा. जेवढा रंग गडद, तेवढं कोलेस्टेरॉल जास्त. एका छोट्या यंत्रात त्या रंगातून उजेड सोडला की काटा हलायचा आणि त्यावरून आकडा काढायचा. अडीचशेच्या आत असलं तर ठीक, वर गेलं तर हृदयाला धोका, एवढाच आमचा हिशेब होता. मधेच वीज गेली की काटा शून्यावर. तेव्हा जिल्ह्यातल्या सगळ्यांची हृदयं एकदम ठणठणीत व्हायची.

ही तपासणी आमच्याकडे सुरू झाली ती एका बागायतदारामुळे. ते मुंबईला जाऊन तब्येत दाखवून आले आणि येताना कोलेस्टेरॉल घेऊन आले. चौकात उभे राहून सांगायचे, "तीनशे दहा निघालं. मुंबईचा डाक्टर बी चाट पडला." झालं! पाटाच्या पाण्यावर ज्यांचा म्हणून ऊस होता त्या प्रत्येकाला ते हवंसं झालं. ट्रॅक्टर आला, जीप आली, आता हे. एकजण मला म्हणाले, "बाई, आमच्या व्याह्यांचं दोनशे नव्वद हाय. तेवढं तरी निघंल ना आमचं?" एका मुलीच्या बापाने तर मुलाकडच्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आमचं तीनशेच्या खाली कसं?" मी म्हटलं, "तुम्ही अजून थोडं खा." त्यांनी ते मनावर घेतलं, त्याला माझा इलाज नाही.

आणि सगळ्यात मोठा ताप म्हणजे उपाशीपोटी येणं. मी आदल्या दिवशी घसा कोरडा करून सांगायचे, रात्रीपासून काही खायचं नाही. पण आमच्या भागातल्या घरात बायकांची एक समजूत पक्की. रक्त काढणार म्हणजे अंगातली ताकद जाणार, तेव्हा आधी भरून घ्या. कर्ता पुरुष रक्त द्यायला निघाला की पहाटे चूल पेटायची आणि तुपातला शिरा व्हायचा. आणि तो खाऊन माणूस माझ्यासमोर येऊन शपथेवर सांगायचा की पाण्याचा थेंब घेतलेला नाही. ते मला नळीत दिसायचं. तूप खाऊन आलेल्याचं सीरम नितळ न राहता दुधासारखं पांढरं उतरतं. तोंड खोटं बोलायचं, नळी नाही. मी आकडा लिहून मोकळी व्हायचे. कुणाकुणाशी भांडायचं?

तर आता तात्यासाहेब. त्या उसाच्या पट्ट्यातले मोठे बागायतदार. देह भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त. दवाखान्याची जागा त्यांच्या मेहुण्याची, त्यामुळे आमचे डॉक्टर त्यांच्यापुढे उभं राहूनच बोलायचे. तात्यासाहेबांचं कोलेस्टेरॉल अजून काढलेलं नव्हतं आणि त्यांच्यापेक्षा निम्मा ऊस असलेली माणसं तीनशेच्या गप्पा मारत होती. एका सकाळी ते जीपमधून आले. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. आणि मागच्या बाजूला अंग चोरून बसलेला त्यांचा गडी किसन.

किसन मूळचा पाथर्डीकडचा. पोरगा होता तेव्हा ऊसतोडीच्या टोळीबरोबर आला आणि तात्यासाहेबांच्या वस्तीवरच राहिला. वय तिशीच्या जरा पुढे, अंगावर मूठभर मांस नाही. हंगामात त्याचं काम उसाच्या मोळ्या ट्रकवर चढवण्याचं. म्हणजे डोक्यावर मोळी घ्यायची आणि ट्रकला टेकवलेल्या हातभर रुंद फळीवरून चढून जायचं, दिवसभर. आठवड्यापूर्वी तो त्या फळीच्या मध्यावर छाती धरून खाली बसला होता. तात्यासाहेब म्हणाले होते, "जीपमधी जागा हायेच, तूबी चल. डाक्टर एक सुई मारतील."

डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि मला आत बोलावलं. किसनच्या टाचेमागच्या शिरेवर सुपारीएवढ्या गाठी होत्या, हाताच्या बोटांच्या सांध्यांवर होत्या, आणि पापण्यांच्या कडेला पिवळे चट्टे. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "पुस्तकात वाचलं होतं, पाहतोय पहिल्यांदा. हे घराण्यात असतं." मग त्यांनी किसनला विचारलं, "अशा गाठी घरात आणखी कुणाला आहेत?"

"हायेत म्हंजी हुत्या," किसन म्हणाला. "दोगा भावांना हुत्या. थोरला मोळी घिऊन चढताना गेला. मधला औंदा दुष्काळी कामावर, खडी फोडताना. दोगंबी चाळिशीच्या आतच गेले, डाक्टर. लोकं म्हन्त्यात घराला साडेसाती हाय." आणि मग अगदी साधेपणानं विचारलं, "मी चढू का फळीवर? तीन पोरी हायेत मला."

डॉक्टर म्हणाले, "रक्त बघू, मग सांगतो."

मी दोघांचंही रक्त घेतलं. तात्यासाहेबांना नेहमीप्रमाणे विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" ते म्हणाले, "शिंगणापूरच्या शनिमहाराजाची शप्पत! रातच्यापास्नं पान्याचा थेंब न्हाई." किसनला विचारलं. तो म्हणाला, "काल सांजच्याला भाकर खाल्ली हुती. पर ती बी चालत नसंल तर तसं सांगा."

दुपारी दोन्ही नळ्यांत रंग चढला. एक फिका पोपटी राहिला. दुसरा असा चढला की मला वाटलं औषध जास्त पडलं, म्हणून पुन्हा करून पाहिलं. तेच आलं. त्या दुसऱ्या खेपेत औषधाच्या बाटलीचा तळ लागला आणि नवी बाटली पुण्याहून यायला आठवडा लागणार होता. पण आकडे मिळाले होते. तात्यासाहेब एकशे ऐंशी. किसन चारशे दहा.

संध्याकाळी तात्यासाहेब आले. वहिनी बाजार करून बाहेरच्या बाकावर पिशव्या घेऊन बसल्या. किसन दाराशी उभा. डॉक्टरांनी जरा चाचरतच सांगितलं, "तात्यासाहेब, अभिनंदन. एकशे ऐंशी. अगदी उत्तम."

तात्यासाहेबांचा चेहरा पडला. आयुष्यभर खाल्लेल्या तुपाचा हा अपमान होता. म्हणाले, "एकशे ऐंशी? एवढं तर माज्या गड्याचं बी असंल!"

मला गप्प बसता येत नाही, हा माझा जन्माचा स्वभाव. मी म्हटलं, "गड्याचं चारशे दहा आहे."

तात्यासाहेबांनी किसनला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग तात्यासाहेब हसायला लागले. मोठ्यानं, मांडीवर थाप मारून. "आता कसं! मला वाटलंच. बाई, नळ्यांची आदलाबदल झाली तुमच्याकडनं. चारशे धा माजं हाय. ह्या काडीपैलवानाला कुटनं यायचं कोलेस्टेरॉल? त्यानं तूप डोळ्यानं तरी बगितलंय का?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. सकाळी ज्यांनी स्वतःच्या बोटांनी त्या गाठी चाचपल्या होत्या ते डॉक्टर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाले, "तशी... शक्यता अगदीच नाकारता येत नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तात्यासाहेब उठलेसुद्धा. "चला, म्हंजी किसनला काय झालेलं न्हाई. उद्यापास्नं दुसऱ्या फडाची तोड हाय रे, फळी लावून घे सकाळच्याला." आणि किसनने मान हलवली. एवढंच. ज्या माणसाला दोन भावांनंतर आपली पाळी दिसत होती त्याने मालकाच्या कोलेस्टेरॉलसाठी मान हलवली.

पुन्हा रक्त काढावं तर औषध संपलेलं, आणि फळी उद्या सकाळी लागणार. मी आत गेले आणि दोन्ही नळ्या घेऊन आले. त्यांत थोडं थोडं सीरम उरलेलं होतं. पट्टीवरची नावं आता कुणी मानणार नव्हतं, म्हणून टेबलावर नुसत्याच उभ्या केल्या. एक दुधासारखी पांढरी, एक नितळ.

"ही पांढरी माजी," तात्यासाहेब लगेच म्हणाले. "दिसतंयच की! सगळं कोलेस्टेरॉल वर आलंय."

"कोलेस्टेरॉल डोळ्यांनी दिसत नाही, तात्यासाहेब," मी म्हटलं. "ते ह्या नितळ नळीत आहे. चारशे दहा हिचंच. पांढरं दिसतंय ते आज पहाटे खाल्लेलं तूप."

तात्यासाहेब सावध झाले. पांढरी आपली म्हणावी तर तूप खाल्लेलं उघडं पडतं आणि आकडाही एकशे ऐंशीच राहतो. नितळ आपली म्हणावी तर आकडा मिळतो आणि शपथही टिकते. "मग नितळ माजी," ते म्हणाले. "मी उपाशी हुतो. पांढरी किसनची."

"म्हणजे किसनने पहाटे तूप खाल्लं?"

"खाल्लं असंल."

"त्याच्या खोपटात तूप आलं कुठून?"

"चोरलं असंल माज्या घरातनं!"

किसनने एकदम वर पाहिलं. सकाळी मरणाची गोष्ट सांगताना ज्याचा आवाज हलला नव्हता तो आता हात जोडून पुढे आला. "मालक," तो म्हणाला, "चोरी न्हाई केली मी कदी." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टरांचं कॅलेंडर अजून वाचून झालेलं नव्हतं.

मला राग आला की एक गुण येतो. माझा आवाज गोड होतो. मी दारात जाऊन उभी राहिले आणि बाकावरच्या वहिनींना म्हटलं, "वहिनी, एक विचारू का? राग मानू नका. तात्यासाहेबांच्या सकाळच्या शिऱ्यात वनस्पती तूप घातलं होतं का हो? नळीत जरा हलकंच दिसतंय."

वहिनी पिशव्या टाकून उठल्या. "वनस्पती? माज्या घरात? कोन म्हन्तंय? पाटे उठून चुलीपुडं बसले मी! घरच्या म्हशीचं सायीचं तूप, आन् वरनं बदाम घातलेत! इचारा की ह्यांना, दोन वाट्या मागून खाल्ला ह्यांनी!"

खाई त्याला खवखवे. आत तात्यासाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. वहिनींना काहीच कळेना. त्या आत येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "सांगा की, हलकं हुतं का तूप?" तात्यासाहेब पुटपुटले, "न्हाई. चांगलं हुतं." मी पांढरी नळी उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली. "तर मग ही तुमची," मी म्हटलं. "आणि एकशे ऐंशीही तुमचेच."

तेव्हा डॉक्टर कॅलेंडर सोडून वळले आणि, बरं का, घसा खाकरून नीट बोलले. किसनला म्हणाले, "तू फळीवर चढायचं नाहीस. मोळी उचलायची नाही, ओझं उचलायचं नाही. आजपासून." मग तात्यासाहेबांकडे पाहून म्हणाले, "हा चढला तर उतरणार नाही." तात्यासाहेब वहिनींना घेऊन जीपकडे निघाले. पुढच्याच शनिवारी ते शिंगणापूरला तेल घालून आले असं कळलं. नेहमीपेक्षा बरंच जास्त घातलं म्हणे.

तेव्हा या आजारावर म्हणावं असं औषध आमच्या हातात नव्हतं. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी, तंबाखू बंद, ओझं बंद. तेलतूप बंद करायचं तर ते होतंच कुठे! उरलेलं सगळं मालकाच्या मर्जीवर. आणि इथेच तात्यासाहेबांनी मला चकित केलं. आठवड्याभरात त्यांनी किसनला वस्तीच्या फाटकावर बसवलं, खुर्ची देऊन. मला वाटलं पश्चात्ताप झाला. मग एका पाहुण्याकडून कळलं. तात्यासाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला फाटकाशी थांबवून सांगायचे, "ह्यो आमचा किसन. चारशे धा! तालुक्यात कुनाचं न्हाई एवढं. माजं सोडा, माज्या वस्तीवरच्या गड्याचं बगा!" तीनशे दहावाल्याचं तोंड कायमचं बंद झालं. कोलेस्टेरॉल वस्तीतच राहिलं होतं, मग ते कुणाच्या का अंगात असेना.

किसन गोळ्या न्यायला यायचा तेव्हा हसून सांगायचा, "बाई, जत्रंतल्या दोन तोंडाच्या वासरावानी करून ठिवलंय मला. लोकं टाचा बगून जात्यात. पर फळी सुटली."

एकदा तो तिन्ही पोरींना घेऊन आला. म्हणाला, "ह्यांचं बी बगा, उपाशी आनल्यात." थोरल्या दोघींचा रंग फिका आला. धाकटीचा गडद आला. मला त्याच्याकडे पाहवेना. त्यानेच मला धीर दिला, "आसू द्या बाई. आमाला कळलं तरी. भावांना कुटं कळलं हुतं?" ती धाकटी आज साठीच्या घरात आहे. आता चांगली औषधं आलीत, रोज रात्री गोळी घेते आणि मला फोन करून आपला आकडा सांगते.

किसन भावांपेक्षा पुष्कळ जगला. दोन पोरींची लग्नं त्याने पाहिली. मग एका सकाळी फाटकातल्या खुर्चीवर बसल्या बसल्याच गेला. डोक्यावर ओझं नव्हतं, एवढंच.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी तात्यासाहेब दवाखान्यात आले. एकटेच. मधल्या काळात ते दरवर्षी तपासून घ्यायचे, दरवर्षी शपथ घ्यायचे आणि दरवर्षी नळी दुधासारखी निघायची. मी आकड्याचा कागद त्यांच्या हातात ठेवायचे. त्या दिवशी स्टुलावर बसून त्यांनी बाही वर केली. मी सवयीने विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

शपथेसाठी हात वर गेला नाही. म्हणाले, "न्हाई. चारी दिस घास उतरत न्हाई. घरचीबी चुलीपुडं गेली न्हाई."

मी रक्त घेतलं. नळी उभी केली. ते जायला उठेनात. मी सुया उकळून काढल्या तरी तिथेच होते, आणि मग म्हणाले, "बाई, त्या दिशी मी तूप चोरलं म्हनलो हुतो. आटवतंय का?"

"आठवतंय."

"इतकी वर्सं फाटकात बसला. एकदा बी त्यो इषय काडला न्हाई त्यानं. काडायचा हुता की वो." आणि तो भारदस्त माणूस माझ्या स्टुलावर बसून तोंडावर टोपी धरून रडला.

तोवर नळीत सीरम सुटलं होतं. पिवळसर, नितळ. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तात्यासाहेब खरोखर उपाशी आले होते.